जुना ट्रॅक्टर घेताय? आधी नंबर जुळवा, मग इंजिन ऐका

सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की जिंतूर, सेलू, पाथरीकडे जुन्या ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते. नवा रंग मारलेला दिसला की सौदा ठरतो. पण रंगाने नांगरट होत नाही.

मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते लोकांनी प्रदर्शनात पाहिले. नोंदणी मात्र २०१७ मध्ये झाली आणि उडण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. यंत्र तयार होते, पण कागदासाठी थांबावे लागले.

परदेशात अशी घरी बांधलेली विमाने जुन्या बाजारात विकली जातात. जाणकार गिऱ्हाईक विमानाची पाटी अन् इंजिनाची पाटी वेगवेगळी वाचतो, कारण इंजिन दुसऱ्याच विमानावरून काढलेले असू शकते. मग नोंदवहीत इंजिनाचे तास बघतो, प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासतो, तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा कीस शोधतो.

हीच रीत ट्रॅक्टरला लावा. चेसीस नंबर व इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. नंबर खरवडलेला दिसला तर तिथूनच माघारी फिरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र मागा. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

मग इंजिन. सकाळी थंड असतानाच चालू करायला सांगा. हात लावून बघा. आधीच गरम असेल तर थंड इंजिन लवकर चालू होत नसावे, असा संशय घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतेय. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरलेय. ब्रीदरमधून जोरात धूर येत असेल तर रिंगा-लायनर झिजलेत. मीटरवर तास कमी अन् क्लचचे पायदान गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. शेवटी लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा. नांगर लगेच खाली बसू लागला तर हायड्रोलिकचा खर्च आहे.

गावचा भरवशाचा मिस्त्री सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी इंजिन उतरवण्याच्या खर्चापेक्षा केव्हाही स्वस्त.