शेअरमागची कमाई : दोन आकडे, दोन्ही वाचा

मागच्या महिन्यात आमचे मामू एका कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन घरी आले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी साठवलेल्या पैशांतून ८० हजार रुपये त्या कंपनीत घालावेत, असा त्यांचा विचार होता. "शेअरचा भाव ८० रुपये आणि एका शेअरमागे कमाई ४ रुपये. वाईट काय आहे?" ते म्हणाले.

आम्ही नफा-तोटा पत्रक उघडले. तळाशी एकाखाली एक दोन आकडे होते : बेसिक ईपीएस ४.०० रुपये आणि डायल्यूटेड ईपीएस ३.५० रुपये. मामूंनी पहिलाच वाचला होता.

शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागीदार होणे. नफा किती आणि वाटेकरी किती, हे भागीदाराने आधी विचारायला हवे. ईपीएस म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे हे दोन्ही आकडे नफा-तोटा पत्रकात दाखवावे लागतात. ते काढायची रीत मोठ्या कंपन्यांसाठी 'इंड एएस ३३' या मानकात सांगितली आहे.

मामूंच्या कंपनीचे आकडे समजायला सोपे करून मांडतो.

बेसिक ईपीएस : कर भरल्यावर नफा ५० लाख. त्यातून अग्रहक्क भागधारकांचा लाभांश २ लाख वजा केला. समभागधारकांसाठी राहिले ४८ लाख. वर्षाच्या सुरुवातीला, १ एप्रिलला, समभाग १० लाख होते. १ ऑक्टोबरला ४ लाख नवे विकले. हे नवे समभाग सहाच महिने होते, म्हणून ते २ लाख धरायचे. भारित सरासरी झाली १२ लाख. ४८ भागिले १२, म्हणजे ४ रुपये.

डायल्यूटेड ईपीएस : या कंपनीने परिवर्तनीय कर्जरोखे काढले होते. ते वर्षभर होते आणि पुढे त्यांचे ३ लाख समभाग होऊ शकतात. म्हणजे वाटेकरी दारात उभे आहेत. ते आत आले तर समभाग होतील १५ लाख. मात्र रोख्यांवरचे ६ लाख व्याज वाचेल. नफा तेवढा वाढला की त्यावर २५ टक्के दराने दीड लाख कर लागेल. उरलेले साडेचार लाख नफ्यात मिळवायचे. साडेबावन्न भागिले १५, म्हणजे साडेतीन रुपये.

मामूंच्या १,००० शेअरमागे कमाई ४,००० नव्हे, ३,५०० धरायला हवी. ८० रुपयांचा भाव कमाईच्या २० पट वाटत होता, तो जवळजवळ २३ पट निघाला. शिवाय ज्या घरात व्याजाचा व्यवहार टाळतात, त्यांना कंपनी व्याजाच्या कर्जावर चालते हेही याच हिशेबातून कळते.

कर्मचाऱ्यांना ठरावीक किमतीत शेअर घेण्याचा हक्क दिला असेल, तर तोही या हिशेबात येतो. पण ज्या रूपांतराने ईपीएस उलट वाढेल, ते धरायचे नाही. हा आकडा सावध राहण्यासाठी आहे, शोभेसाठी नाही.

आणखी एक गोष्ट. कंपनीने एकास एक बोनस शेअर दिला की ईपीएस निम्मा दिसतो. त्याने घाबरू नये. समभाग दुप्पट झाले, नफा तेवढाच राहिला. मागच्या वर्षांचे आकडेही त्याच हिशेबाने बदलून दिलेले असतात.

मामू थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जेवण तेवढेच, आणि ताटे वाढणार." अगदी तसेच. फीचे पैसे त्यांनी बँकेतच ठेवले. फी दोन वर्षांत भरायची आहे, आणि शेअरचा भाव कोणाची तारीख पाहून चढत नाही.

तुमच्या घरी असा अहवाल आला, तर तीन गोष्टी पाहा. दोन्ही ईपीएसमध्ये अंतर किती आहे? ते कशामुळे आहे? ते कारण 'टिपा' या भागात सापडते. आणि गेल्या काही वर्षांत डायल्यूटेड आकडा वाढतो आहे की घटतो आहे? अंतर मोठे असेल, तर दारात किती वाटेकरी उभे आहेत ते मोजून मगच पैसे घाला.