हत्ती चोचीत धरणारा पक्षी

बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात एक शिल्प आहे. घाईघाईनं देऊळ बघणाऱ्यांच्या नजरेतून ते सहज सुटतं. अजगरानं हरीण धरलंय, अजगराला हत्तीनं उचललंय, हत्तीवर सिंह तुटून पडलाय, सिंहाला शरभ खातोय आणि शरभावर झडप घातलीय दोन डोक्यांच्या एका पक्ष्यानं. तो गंडभेरुंड. त्याला खाणारं पुढं कुणीच नाही.

होयसळ राजा विष्णुवर्धनानं १११७ साली उभारलेलं हे विष्णूचं देऊळ. इथं शेवटचा घास या पक्ष्यानं घ्यावा, हे ओघानंच आलं. हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नरसिंहाचा राग शमेना, तेव्हा शिवानं शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं, असं शैव सांगत. सिंहाचं अंग, पंख आणि आठ पाय असा हा शरभ. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात त्यानं नरसिंहाला उचलून धरल्याचं शिल्प आहे. वैष्णवांना हे कसं रुचावं? त्यांच्या कथेत नरसिंहच गंडभेरुंड झाला आणि त्यानं शरभालाच लोळवलं. भांडण भक्तांचं, छिन्नी चालवली पाथरवटांनी!

राजेलोकांना मात्र या वादापेक्षा पक्ष्याच्या ताकदीत जास्त रस होता. शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळीगावीत चावुंडराय या मांडलिकानं १०४७ साली गंडभेरुंडाचा उंच स्तंभ उभारला. तिथली मूर्ती विलक्षणच: धड माणसाचं आणि त्यावर पक्ष्याची दोन तोंडं. पुढं विजयनगरच्या अच्युतदेवरायानं (राज्यकाळ १५२९ ते १५४२) तो सोन्याच्या नाण्यांवर आणला. त्याचं अर्धवराह हे नाणं जेमतेम पावणेदोन ग्रॅमचं. एवढ्याशा सोन्यावर पक्षी तर बसवलाच, शिवाय त्याच्या दोन्ही चोचींत आणि पंजांत हत्ती! मांजरानं उंदीर धरावा तसे ते लोंबतात. हत्तीदळावर लढाया जिंकण्याचा तो जमाना. शत्रूचं बळ असं लोंबकळताना दाखवायला दुसरं चित्र कशाला हवं?

दोन डोक्यांचे पक्षी इतरत्रही आहेत. तक्षशिलेजवळ सिरकपच्या एका स्तूपावर असा गरुड आहे, बायझंटाइन आणि रशियन सम्राटांनीही तो मिरवला. पण हत्तीची ही शिकार खास आपल्याकडची.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर शरभच जास्त भेटतो. जंजिऱ्याच्या दारावर त्यानं पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेत. सिद्दींच्या मुसलमानी अमलातल्या या किल्ल्याला शैव-वैष्णवांच्या वादाशी काय देणंघेणं? दाराशी येणाऱ्याला धाक बसला की झालं.

गंडभेरुंडाला कायमचं घर दिलं ते म्हैसूरच्या वडियारांनी. तो त्यांच्या राजचिन्हात होता. संस्थान गेलं तरी तो टिकला. आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेत तो तांबड्या ढालीवर आहे आणि कर्नाटकाच्या एसटीवर बसून महाराष्ट्रातल्या स्टँडांवरही येतो. मुद्रेतल्या त्याच्या चोचीत आता हत्ती नाही. ढालीच्या दोन्ही बाजूंना गजकेसरी उभे आहेत. त्यांचं अंग सिंहाचं, तोंड मात्र हत्तीचं.