पत्र्याची पेटी आणि हातातला फोन

घराघरात एक पत्र्याची पेटी असते. रेशनकार्ड, आधार, सातबारा, शाळेचा दाखला, निकाहनामा आणि आजोबांच्या काळातला एखादा उर्दू कागद असे सगळे तिच्यात एकत्र नांदत असते. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात ही पेटी वर्षातून चार-दोन वेळा घाईघाईने उघडली जाते. कधी मुलीचा कॉलेजप्रवेश, कधी शिष्यवृत्ती, कधी पीकविमा. नेमका तेव्हाच हवा तो कागद सापडत नाही. सापडलाच तर त्यावरचे नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही.

त्यात आपला बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. हंगाम सुरू झाला की हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पेटी गावात राहते, माणसे फडावर. फॉर्मची शेवटची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. या अडचणीवर उपयोगी पडतील अशी काही साधने इथे देत आहोत. बहुतेक मोफत आहेत आणि साध्या फोनवरही चालतात.

आधी कागद फोनमध्ये घ्या

अँड्रॉइड फोनमध्ये गुगल ड्राइव्ह बहुधा आधीपासूनच असते. त्यातच कागद स्कॅन करण्याची सोय आहे. नुसता फोटो काढला तर कडा वाकड्या येतात, सावली पडते. स्कॅन केले की कडा आपोआप कापल्या जातात आणि अनेक पानांची एकच पीडीएफ तयार होते. कागद खिडकीजवळ, गडद चादरीवर ठेवा. मागची बाजूही घ्या. शिक्के आणि नोंदी पुष्कळदा तिथेच असतात. फाइलला नाव देताना माणसाचे नाव, कागदाचे नाव आणि वर्ष लिहा, म्हणजे शोधताना त्रास होत नाही.

ऑनलाइन फॉर्म फाइलचा आकार ठरावीक केबीमध्येच मागतात. तो कमी करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत, पण आधार किंवा बँकेचे पासबुक अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये. घरात संगणक असेल तर लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातून पीडीएफ बनवताना चित्राचा दर्जा कमी करता येतो, आणि कागद घराबाहेर जात नाही.

डिजिलॉकर: दोन कप्पे, दोन किमती

केंद्र सरकारच्या डिजिलॉकरचे लोकार्पण १ जुलै २०१५ रोजी झाले. यात दोन कप्पे आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एका कप्प्यात संबंधित खात्याकडून थेट आलेले कागद असतात. उदाहरणार्थ, राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रके, वाहन परवाना, गाडीचे आरसी. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार हे कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानले जातात. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः स्कॅन करून ठेवलेले कागद असतात. ती फक्त आपल्या सोयीची प्रत. म्हणून डिजिलॉकर आहे म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका.

नावांचा तक्ता

डिजिलॉकरमध्ये कागद मागवताना आधारवरचे नाव जुळले नाही, तर तो अनेकदा मिळत नाही. हा प्रश्न आपल्या घरांत जरा जास्तच. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. कुठे ते नावाच्या आधी, कुठे नंतर. दाखल्यावर 'बी' असते, आधारवर 'बेगम'. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. लिबरऑफिसमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये एक तक्ता करा. उभ्या रांगेत घरातली माणसे, आडव्या रांगेत कागद. प्रत्येक चौकोनात त्या कागदावर नाव जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर उतरवा. फरक कुठे आहे ते लगेच दिसेल. मग मुलांच्या शाळेच्या दाखल्याकडे आधी लक्ष द्या, कारण पुढचे सगळे कागद त्यावरूनच निघतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तिथे घाई नको. नावातला बदल राजपत्रात छापून घ्यायचा असेल तर त्याचा अर्जही आता ऑनलाइन करता येतो.

ओटीपी कोणाच्या खिशात?

आई गावात, शिष्यवृत्तीचा फॉर्म सेवा केंद्रात, आणि ओटीपी जातो कर्नाटकातल्या फडावर असलेल्या वडिलांच्या फोनवर. तिथे रेंज नसली की काम अडले. एकच मोबाइल क्रमांक अनेक आधारांना जोडता येतो. तेव्हा मुलांच्या आधारला आईचा क्रमांक जोडणे शहाणपणाचे. घरातल्या बाईच्या हाती फोन आणि तो वापरण्याची माहिती असणे ही चैन नाही, मुलांच्या शिक्षणाची गरज आहे.

सातबारा आणि जुने उर्दू कागद

महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. ही सोय १ मे २०१८ पासून आहे, आणि हा उतारा सरकारी कामाला चालतो. भूलेखवर फुकट दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीसाठी असतो.

जुन्या कागदांची गोष्ट वेगळी. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे अनेक घरांतले जमिनीचे कागद उर्दूत आहेत, आणि मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला ते वाचता येत नाहीत. गुगल लेन्स छापील उर्दू बऱ्यापैकी वाचते. घसरत्या हाताने लिहिलेल्या उर्दूवर मात्र तिचा भरवसा धरू नये. घरात किंवा मोहल्ल्यात उर्दू वाचणारे बुजुर्ग आहेत, तोवर त्यांच्याकडून कागद वाचून घ्या आणि तो आवाज फोनवर रेकॉर्ड करा. मग मजकूर मराठीत उतरवा. गुगलची मराठीतली बोलून टाइप करण्याची सोय २०१७ पासून आहे. सावकाश, प्रमाण मराठीत बोलावे. आपली दखनी मिसळली की यंत्र गोंधळते. सरकारी कामासाठी मात्र जाणकाराकडून केलेले भाषांतरच लागेल.

अमानत सांभाळा

घरच्यांचे कागद ही आपल्याकडची अमानत आहे. सेवा केंद्राच्या संगणकावर काम झाले की लॉग आउट करा आणि फाइल तिथून पुसायला लावा. आधारची प्रत द्यायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत काढता येते, शक्य तिथे तीच द्या. अंगठ्याचा गैरवापर होऊ नये म्हणून आधारचे बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथी संकेतस्थळावर दिसते, आणि हरवलेला फोनही तिथून बंद करता येतो. पैशांची फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ घालवू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सगळे एका दिवसात होणार नाही. पहिल्या आठवड्यात स्कॅन, दुसऱ्यात नावांचा तक्ता, तिसऱ्यात मोबाइल क्रमांक, चौथ्यात उर्दू कागद. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीकडे हे काम सोपवा आणि शेजारी आईला बसवा. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाची यादी लागेल तेव्हा कागदासाठी कोणाचे वर्ष वाया जाऊ नये, इतके या महिन्यात नक्की करता येईल.