जुन्या सीटचा नाद खुळा!

लाल टू-सीटर, वायर व्हील्स आणि डोक्यावर उघडं आभाळ... क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटलं की नजर आधी बॉनेटवर जाते. पण गाडीत बसल्यावर? अंगाला सतत लागून असते ती सीट! आणि रिस्टोरेशनमध्ये घाईघाईत सगळ्यात आधी वाट लागते तीही सीटचीच.

कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं कौतुक नवं नाही. दसरा चौकातल्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा पब्लिकचे मोबाइल आपोआप वर जातात. १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण जुनी गाडी नीट सांभाळली तर तिचा रुबाब काय असतो, हे ती दरवर्षी दाखवून देते. आता समजा, तुमच्या हाती एखादी एमजीबी लागली. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. सीट फाटलेली, काथ्या बाहेर आलेला. पुढे काय?

थांबा, फाडू नका!

पहिला फंडा : जुनं कव्हर म्हणजे कचरा नव्हे, नकाशा आहे. पट्ट्या किती रुंद, पायपिंग कुठून वळतं, शिवण कुठे दुहेरी, हे सगळं त्यातच असतं. म्हणून आधी भरपूर फोटो काढा. दोन्ही सीट एकदम उसवू नका. एक खोलली की दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवा. कव्हर ओढून न काढता टाका टाका उसवायचं आणि प्रत्येक तुकड्यावर खुणा करायच्या. जुनं लेदर कुठे आकसलेलं, कुठे ताणलेलं असतं. त्यामुळे त्यावरून नवा कागदी पॅटर्न काढताना माप सांगाड्यावर ठेवून तपासावंच लागतं.

कव्हर निघालं की खरी गंमत कळते. सांगाड्याला गंज, स्प्रिंगा बसलेल्या, रबराचे पट्टे सैल, फोमचा भुगा. यावर नवं लेदर चढवणं म्हणजे वरून इस्त्री, आतून चुरगळलेलं! आधी गंज काढून रंग, मग पट्टे, मग फोम. फोम जास्त जाड घातला तर सीट फुगते आणि छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये गुडघे थेट स्टिअरिंगला भिडतात.

कोल्हापुरी लेदर चालेल?

चपलांचं शहर म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची असते. ते दणकट, जाड आणि ताठ. ऊन-पाण्याने त्याचा रंगही बदलतो. सीटला हवं मऊ, पातळ, घडीवर वळणारं लेदर; ते बहुधा क्रोमने कमावलेलं आणि वरून फिनिश दिलेलं असतं. म्हणजे आपलं कातडं कमी दर्जाचं नाही, त्याचं काम वेगळं आहे, एवढंच.

आणखी एक सिक्रेट : जुन्या एमजीबीच्या लेदर सीटमध्येही लेदर फक्त बसण्याच्या भागाला असायचं, बाजूला रेक्झिनसारखं कापड! त्यामुळे सगळीकडे लेदर लावलं म्हणजे सीट ओरिजिनल झाली, असं नाही.

कारागीर शोधताना

शिवाजी उद्यमनगरात लेथवर पार्ट बनवून देणारे हात भेटतील. सीटसाठी मात्र चांगला कुशनवाला हवा. तो कसा ओळखायचा? त्याने आधी केलेल्या कामाची शिवण बघा. टाके फार जवळ असतील तर लेदर पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटतं. लेदरला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून उसवून पुन्हा शिवायचे चान्स फार कमी. दोरा सुती नको, पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. आणि आपल्याकडचा पावसाळा ठाऊक आहेच! ओल्या काथ्यावर बुरशी धरते, म्हणून पावसात गाडी कव्हरखाली कोंडून ठेवू नका, वारा लागू द्या.

नवं करायचं की जपायचं?

कायद्याचा धसका नको. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट आहे ती चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसण्याची. पण नियमात बसणं वेगळं आणि गाडीची ओळख टिकणं वेगळं. लेदरला नुसत्या बारीक भेगा असतील तर क्लीनिंग, कंडिशनिंग आणि रंगाचा हलका हात पुरे. शिवण गेली असेल तर तेवढीच शिवा. एखादी पट्टी फाटली असेल तर तेवढी पट्टी बदला. सगळंच गेलं असेल तरच नवं कव्हर, आणि तेव्हाही जुनं बॅगेत भरून माळ्यावर ठेवा. कारण नवी सीट पैसे मोजले की कधीही करता येते. पन्नास वर्षं कुणीतरी बसून-बसून मऊ केलेली सीट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, बॉस!