विडी सोडवायला डॉक्टरला कोण शिकवणार?

शासकीय रुग्णालयातल्या केसपेपरवर एक ओळ हमखास दिसते : ‘विडी, २५ वर्षे, रोज एक बंडल.’ एमबीबीएसचा विद्यार्थी ती न चुकता लिहितो, कारण सर विचारतात. त्या ओळीचे पुढे करायचे काय, हे मात्र बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. ‘सोडा आता, नाहीतर मराल’ असे बजावून पुढचा नंबर पुकारला जातो. याला उपचार म्हणायचे काय?

केंद्र शासनाच्याच २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याच्या विचारात होते. वर्षभरात दवाखान्याची पायरी चढलेल्यांपैकी ‘सोडा’ असा सल्ला मिळाला तो ४८.८ टक्क्यांना. तंबाखू खाणाऱ्यांत तर ३१.७ टक्क्यांनाच. म्हणजे माणूस तयार आहे, डॉक्टर गप्प आहे!

कायदा आपल्याकडे आहे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक ठिकाणी विडी ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड करतो. भारताने २००४ साली जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. त्याचे कलम १४ व्यसन सोडवण्यासाठी मदत करायला सांगते. दंडाची पावती हमालाच्या हातात पडते, मदत मात्र करारातच राहते. वकील म्हणून मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

शिकवायचे ते काही अवघड नाही. विचारायचे, स्पष्ट सल्ला द्यायचा, तयारी किती ते जोखायचे, मदत करायची, पुन्हा भेटीची तारीख ठरवायची. तीन ते पाच मिनिटांचे काम. पण ते भाषणातून येत नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, तलफ टोकाला जाते. हे आधीच सांगितले तर रुग्ण घाबरून पुन्हा बंडल उघडत नाही. निकोटिनचा च्युइंगगम गोळीसारखा भराभर चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा असतो. हे रुग्णाला समजेल अशा बोलीत सांगण्याचा सराव एकमेकांना रुग्ण करूनच होतो. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याला जागा दिली आहे. ती याच कामी लावा.

आणखी एक गोष्ट. ‘सिगारेट-विडी ओढता का?’ एवढाच प्रश्न महाराष्ट्रात अपुरा आहे. त्याच सर्वेक्षणात इथे ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. मिसरी लावणारी मावशी ‘नाही’ म्हणते आणि ते खरेच असते. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला मिसरी हा शब्दच ठाऊक नसेल तर तो विचारणार कसा? वर ‘तुम्हा लोकांना कळतच नाही’ हा सूर. तो ऐकून आमच्या वस्तीतला माणूस पुन्हा त्या दारात जात नाही.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत या पाच मिनिटांसाठी स्वतंत्र गुण ठेवावेत. समोर विडी ओढणारा मजूर असावा, मिसरीवाली बाई असावी. पुढची तारीख देताना विद्यार्थ्याने रुग्णाला रोजी बुडते का तेही विचारावे. बुडत असेल तर फोनवर चौकशी करावी. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक स्वतः लावून द्यावा. पाकिटावर तो छापलेला असतो, पण वाचता न येणाऱ्याला त्याचा काय उपयोग?