जपानमधील रिकामे बाक

जपानच्या शिकोकू बेटावर, डोंगरांच्या कुशीत, नागोरो नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील शाळा २०१२ साली बंद झाली. शेवटचे दोन विद्यार्थी शिकून बाहेर पडले आणि मागे कोणी उरलेच नाही. पुढे गावातील एका स्त्रीने त्या बाकांवर कापडाच्या बाहुल्या करून बसविल्या, शिक्षकही बाहुलाच!

१९४९ साली जपानात सुमारे २७ लक्ष बालके जन्मली. १९५७ साली ही संख्या १६ लक्षांच्या आत आली आणि २०२३ साली सव्वासात लक्षांवर उतरली. ही हकीकत आपणांस अगदीच परकी नाही. महाराष्ट्रातही २०१९-२१ च्या पाहणीत दर स्त्रीमागे मुलांची सरासरी १.७, म्हणजे दोहोंहून कमी, आढळली.

जन्म घटले की देश लगेच दरिद्री होतो असे मात्र नाही. प्रारंभी उलटच घडते. घरात खाणारी तोंडे थोडी झाली, म्हणून जपानी आईबापांना मुलांस अधिक शिकविता आले व चार पैसे शिल्लक टाकता आले. ती शिल्लक पेढ्यांतून कारखान्यांकडे गेली. तेवढ्यात पूर्वी जन्मलेली मोठी पिढी कामाच्या वयात आली. खेड्यांतून पंधरा वर्षांची मुले आगगाड्या भरभरून टोकियोस येत. कारखानदार त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत, इतकी त्यांना मागणी होती! वेतने भराभर वाढली. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचा १९६० सालचा संकल्प मुदतीपूर्वीच सिद्धीस गेला.

परंतु तीच पिढी वृद्ध झाली, आणि तिच्या जागी येणारी पिढी लहान होती. १९६० साली एका वृद्धामागे काम करण्याच्या वयाची अकरा माणसे होती. आज दोनच आहेत. वृद्धांचे निवृत्तिवेतन व औषधपाणी यांचा मोठा भार या दोघांच्या पगारावर पडतो.

येथे कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "गुरुजी, कामगार कमी झाले, तर त्यांची मजुरी वाढावयास नको काय?" शंका रास्त आहे. पण कामगार हाच गिऱ्हाईकही असतो. मुले नाहीत तेथे पाळणे, गणवेश, नवी घरे कोण घेणार? मग कारखानदार नवे यंत्र बसविण्यास कचरतो. १९९० नंतर सुमारे तीस वर्षे जपानी कामगाराचे सरासरी खरे वेतन जवळजवळ जागच्या जागी राहिले. जमिनींचे व समभागांचे भाव कोसळणे, हेही त्याचे एक कारण होते. सारा दोष रिकाम्या पाळण्यास देणे न्यायाचे नव्हे.

आता जपान यंत्रमानव कामास लावीत आहे, परदेशांतून कामगार आणीत आहे. आणि सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या दर तीन जपानी माणसांपैकी एक अजून काम करतो.