हक्काचं धान्य (भाग 5) : कार्ड माणगावात, माणसं भट्टीवर

दिवाळी सरली की माणगाव तालुक्यातल्या आदिवासीवाड्या रिकाम्या व्हायला लागतात. भाताची कापणी-झोडणी आटोपलेली असते, गावात मजुरी उरलेली नसते आणि पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. मग एके दिवशी टेम्पो येतो. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, कडेवरची पोरं असा सगळा संसार त्यात चढतो. कोणी पेण-पनवेलकडच्या वीटभट्टीवर जातं, कोणी ताम्हिणी घाट चढून देशावर कोळसा पाडायला, तर कोणी थेट कर्नाटकात. कातकरी माणसं याला जगायला जाणं म्हणतात. परतायचं ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास, पावसाच्या तोंडावर.

या सामानात रेशनकार्ड बहुतेक वेळा नसतं. इथलं कार्ड तिकडे काय कामाचं, अशी समजूत असते, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत किंवा शेजारच्या म्हातारीकडे ठेवून माणसं निघतात. पण हे कार्ड तिकडेही चालतं. आणि इथे सहा महिने पडून राहिलं तर ते बंद पडू शकतं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून सांगायच्या म्हणून आजचा भाग.

हक्क किती, हे मागच्या भागांत सविस्तर पाहिलं. ज्यांच्या हातात आज पहिल्यांदाच ही लेखमाला पडली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 2013 चा अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला, घरात माणसं कितीही असोत, 35 किलो. आधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून दोन्ही फुकट झाले आणि 2024 पासून पुढची पाच वर्षं ते तसेच राहणार आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक (उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड). अशा जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 रोजीच दिला होता. आजही एखाद्या वाडीवर कातकरी कुटुंबाकडे हे कार्ड नसेल, तर तो आदेश दाखवून माणगावच्या तहसील कार्यालयात पुरवठा शाखेकडे अर्ज करता येतो. एकच लक्षात ठेवा, सातापेक्षा जास्त माणसांच्या घराला अंत्योदयचे 35 किलो प्राधान्य कार्डापेक्षा कमी पडतात. कुठलं कार्ड बरं, याचा हिशेब घरातली माणसं मोजून करावा.

आता मूळ मुद्द्याकडे. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याचा प्रयोग ऑगस्ट 2019 मध्ये चार राज्यांत सुरू झाला. एका जोडीत आंध्र आणि तेलंगणा, दुसऱ्या जोडीत गुजरात आणि आपला महाराष्ट्र. जानेवारी 2020 पासून त्यात कर्नाटकही आलं. मग टाळेबंदी लागली. शहरांत अडकलेल्या लाखो मजुरांची कार्डं गावाकडच्या दुकानांना बांधलेली होती आणि तिथवर पोचायला रस्ता नव्हता. त्या हालांची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात झाली आणि उरलेल्या राज्यांनी 31 जुलै 2021 पर्यंत ही सोय करावी असा आदेश निघाला. जून 2022 मध्ये शेवटचं राज्य, आसाम, जोडलं गेलं. 'एक देश, एक रेशनकार्ड' ही पाटी तुम्ही दुकानावर पाहिली असेल. तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा. माणगावचं कार्ड निजामपूरला चालतं, पनवेलला चालतं आणि बेळगावलाही चालतं. अट एवढीच, की कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं हवं. त्या गटात नसलेल्या केशरी कार्डाला आणि पांढऱ्या कार्डाला ही सोय नाही.

यासाठी नाव कापून घ्यावं लागत नाही, कार्ड बदलून घ्यावं लागत नाही, गावच्या दुकानदाराचा दाखला लागत नाही. खरं तर कार्डाची वहीसुद्धा लागत नाही. लागतो तो कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर किंवा कार्डात नाव असलेल्या एखाद्या माणसाचा आधार नंबर. दुकानदार तो मशीनमध्ये घालतो. पडद्यावर घरातल्या सगळ्यांची नावं येतात. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव निवडलं की मशीन अंगठा मागतं. अंगठा जुळला की या महिन्याचं किती धान्य शिल्लक आहे ते दिसतं, माल मापला जातो आणि पावती निघते. पावतीवर तांदूळ किती आणि गहू किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं. पोतं उचलण्याआधी ती पावती मागून घ्या आणि समोरचं वजन तिच्याशी ताडून पाहा. वाचता येत नसेल तर बरोबर शाळेत जाणारं पोर न्या, किलोचे आकडे त्याला वाचता येतात. धान्य फुकट झाल्यापासून पावती मागायला लोक बिचकतात, फुकटाचं काय मापून घ्यायचं असं त्यांना वाटतं. ग्राहकाने पैसे दिले नाहीत म्हणून माप सैल होत नाही. त्या पोत्याचे पैसे सरकारने, म्हणजे आपण सगळ्यांनी भरलेले आहेत.

घरातल्या कोणाही एकाच्या अंगठ्यावर सगळ्या घराचं धान्य मिळतं. ही सोय वाडीवर फार मोलाची ठरते, कारण सगळं घर जगायला गेलं तरी म्हातारं माणूस मागे राहतं. त्या आजीने दर महिन्याला दुकानात जाऊन अंगठा दिला, तर धान्य निघतं आणि कार्डही चालू राहतं. अडचण येते ती अंगठ्यालाच. जन्मभर लाकूडफाटा, माती, विटा आणि भातलावणी केलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. आजी एक बोट ठेवते, मग दुसरं, मग दुकानदार तिचा हात कापडाने पुसून परत ठेवायला लावतो आणि पडद्यावर तोच नकार येतो. रांगेतली माणसं कुरकुरतात, आजी ओशाळते आणि रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. हे होता कामा नये आणि व्हायचं कारणही नाही. अंगठा जुळला नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते, नव्या मशीनला तो स्कॅनर असतो. नाही तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. आता हा मोबाइल असतो भट्टीवर, मुलाच्या खिशात. म्हणून दुकानातूनच त्याला फोन लावायचा आणि आलेला आकडा विचारून घ्यायचा. मशीन पुढे थोडाच वेळ थांबतं, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुकानापर्यंत येणंच ज्यांना जमत नाही अशा वृद्ध आणि अपंग माणसांना नॉमिनी नेमता येतो. एवढं करूनही काही जमलं नाही तरी आधार किंवा अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची लेखी सूचना 24 ऑक्टोबर 2017 ची आहे.

सहा महिन्यांची गोष्ट आता नीट समजून घेऊ. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने रेशनच्या नियंत्रण आदेशात बदल केला. मागच्या सहा महिन्यांत ज्या कार्डावर धान्य उचललं गेलं नाही, ते तात्पुरतं बंद करायचं आणि पुढच्या तीन महिन्यांत घरोघर जाऊन पडताळणी आणि ई-केवायसी करून ते कुटुंब पात्र आहे की नाही ते ठरवायचं, असा हा बदल. बोगस कार्डं शोधायला हा नियम केला, हे कळतं. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जाऊ नये, याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण दिवाळी ते अक्षय्य तृतीया हा काळ मोजा. तो जवळपास सहा महिन्यांचाच भरतो. जो माणूस पोटासाठी घर सोडून जातो, त्याचं कार्ड या चाळणीत नेमकं सापडतं आणि पडताळणीला माणूस दारात येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. नियम करणाऱ्यांनी हंगामी स्थलांतराचा विचार करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. हा नियम बदलेपर्यंत यावरचा उपाय आपल्या हातात आहे: भट्टीजवळच्या दुकानातून दर महिन्याला धान्य उचला. दर महिन्याला नाहीच जमलं, तर हंगामात एकदा-दोनदा तरी उचला.

यात कार्ड वाचतं आणि पैसेही वाचतात. भट्टीवर मजुराला आठवड्याची खर्ची मिळते आणि किराणा बहुतेक उधारीवर, मालकाच्या ओळखीच्या दुकानातून. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा उचल, खर्ची आणि किराणा वजा जाऊन हातात किती उरतं, हे वाडीवर कोणालाही विचारा. पाच माणसांच्या प्राधान्य कार्डावर महिन्याला 25 किलो, म्हणजे सहा महिन्यांत दीड क्विंटल धान्य. बाजारभाव 30 रुपये किलो धरला तरी साडेचार हजार रुपये. तेवढी उधारी कमी झाली तर पुढच्या पावसाळ्यात घ्यावी लागणारी उचलही तेवढ्याने कमी होईल.

हीच सोय माणगावातल्या दुसऱ्या एका मोठ्या वर्गाच्याही उपयोगाची आहे. आईवडील गावी, मुलगा-सून मुंबईत भाड्याच्या खोलीत आणि कार्ड एकच, अशी घरं गोरेगाव, इंदापूर, लोणेरे, जिकडे जाल तिकडे आहेत. अशा घराला धान्य वाटून उचलता येतं. मुलाने त्याच्या वाट्याचं तिकडच्या दुकानातून घ्यावं, उरलेलं आईने इथे घ्यावं. आधी कोणी किती घ्यायचं ते घरात ठरवून घ्या, कारण पहिल्याने सगळं उचललं तर दुसऱ्याला मशीन शिल्लक शून्य दाखवणार.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. परगावचं कार्ड पाहून तो "इथलं नाही, पुढे जा" म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटेपणाच करत असतो असं नाही. त्याला महिन्याचा माल येतो तो साधारण त्याच्या कार्डांच्या हिशेबाने. भट्टीवरची वीस-पंचवीस कुटुंबं एकदम आली तर त्याच्या नेहमीच्या ग्राहकांना महिनाअखेर माल अपुरा पडतो आणि शिव्या त्याला खाव्या लागतात. कमिशन क्विंटलमागे 150 रुपये होतं, 2025 मध्ये राज्य सरकारने ते 170 केलं. म्हणजे 25 किलो मापून दिले की त्याला साडेबेचाळीस रुपये मिळतात. तेवढ्यासाठी कटकट नको, असं त्याला वाटणं समजू शकतं. परंतु नाकारण्याचा अधिकार त्याला नाही. यातून वाट काढायची जबाबदारी पुरवठा खात्याची आहे. भट्ट्या कुठे लागतात आणि कधी लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या भागातल्या दुकानांना हंगामात वाढीव माल दिला तर अर्धी भांडणं होणारच नाहीत. मजुरांनी आपल्याकडून महिनाअखेरची वाट न पाहता माल आल्याआल्या दुकान गाठावं. कोणी परत पाठवलंच तर 14445 हा खास या सोयीसाठीचा नंबर आहे. रेशनच्या इतर तक्रारींसाठी 1967 आणि महाराष्ट्राचा 1800-22-4950. तक्रार केलीत की तिचा क्रमांक मागून लिहून ठेवा.

काही वाचक विचारतात, हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पैसेच का देत नाहीत? अमेरिकेत गरीब कुटुंबाच्या कार्डावर दर महिन्याला रक्कम जमा होते आणि ते नेहमीच्या किराणा दुकानातून दूध, भाजी, अंडी, हवं ते घेतं. त्यात निवडीचं स्वातंत्र्य आहे आणि मला ते हवंसं वाटतं, कारण आपलं रेशन तांदूळ-गव्हावर थांबतं. तेल, डाळ, तिखट यांसाठी कातकरी बाई शेवटी मजुरीच्या पैशांकडेच बघते. आपल्याकडे चंडीगड आणि पुदुच्चेरीत 2015 पासून धान्याऐवजी बँकेत पैसे दिले जाऊ लागले. तरीही माणगावच्या वाड्यांवर मी आज धान्याच्याच बाजूने आहे. तांदळाचा भाव वाढला तरी 5 किलो हे 5 किलोच राहतात, रोख रकमेचं तसं नसतं. बँक तालुक्याला आणि वाडी डोंगरात, हा हेलपाटा वेगळाच. धान्य राहू द्यावं आणि त्याच्या जोडीला डाळ-तेल द्यावं, ही अन्न अधिकाराच्या चळवळीची जुनी मागणी मला रास्त वाटते.

राहिलं ई-केवायसी. कार्डातल्या प्रत्येक माणसाने मशीनवर ओळख पटवायची आहे. ती देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात होते, माणगावला यावं लागत नाही. मोबाइलवर 'मेरा ई-केवायसी' ॲपमधून चेहरा दाखवूनही होते. मुलांकडे विशेष लक्ष द्या. पाच वर्षांनंतर आणि पंधरा वर्षांनंतर आधारमधले बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले की मुलाची ओळख पटत नाही आणि कार्डातलं त्याचं नाव धोक्यात येतं. हे सगळं दिवाळीआधी, माणसं वाडीवर असतानाच व्हायला हवं. ग्रामपंचायत, आश्रमशाळेचे शिक्षक, रेशन दुकानदार यांनी एक दिवस ठरवून मशीन वाडीवर नेलं तर एका संध्याकाळीत काम आटोपेल. त्याच वेळी प्रत्येक घराचा बारा अंकी नंबर मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून तो भट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा आणि घरातल्या मोबाइलमध्येही साठवून ठेवावा.

आणि ज्यांचं कार्ड आत्ताच बंद पडलं आहे त्यांनी परतल्यावर थांबू नये. आधार, जुनं कार्ड आणि कामावर बाहेर होतो एवढं सांगणारा साधा अर्ज घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं, पडताळणी आणि ई-केवायसी करून कार्ड चालू करण्याची मागणी करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.